पाव फेरा

शोकसभेला कुणाकुणाला बोलवायचं याची यादी थोरलीनं आईपुढे ठेवली. पहिलंच नाव वाचून आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला. नाव तेच होतं.

"इस्त्रीसाहेब? त्यांना कशाला?"

"बाबांचे साहेब होते ना? चार चांगले शब्द बोलतील."

आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं. आपल्या पोटच्या पोरीला चांगले शब्द नको आहेत, हे कळायला तिला चष्म्याची गरज नव्हती. थोरलीला तो माणूस समोर हवा होता. चाळीस लोकांच्या देखत, खुर्चीत बसलेला, उठून जायची सोय नसलेला. ती बारा वर्षांची असताना तिनं त्याच्यावर डूख धरला होता आणि आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. मधल्या काळात लग्न झालं, मुलं झाली, केस पिकायला लागले, पण तो राग होता तसाच राहिला. उलट मुरला.

तिचे बाबा नौदलात सव्वीस वर्षं होते आणि सगळी सव्वीस वर्षं जहाजाच्या पोटात, इंजिन रूममध्ये. समुद्र त्यांनी बघितला त्यापेक्षा ऐकला जास्त. सतराव्या वर्षी भरती झाले ते हातात कापसाचा बोळा घेऊन तेल पुसायला, आणि चढत चढत चीफ झाले, म्हणजे इंजिनावरच्या सगळ्या खलाशांचे मुकादम. मग तो हुद्दा त्यांना असा चिकटला की गल्लीतला न्हावीसुद्धा "चीफ, मिशी ठेवायची का?" असं विचारायचा.

सहा सहा महिने ते घरी नसायचे. पत्रं मात्र नेमानं यायची, आणि ती पत्रं म्हणजे यंत्रांच्या नोंदवहीचीच पानं. "सकाळी आठ. तब्येत ठीक. दुपारी बारा. जेवण ठीक. दुपारी चार. तुझी आठवण. दाब वाढता." हे पत्र आईनं अजून साड्यांच्या घडीत ठेवलंय. मुलींनी त्यावरून चिडवलं की ती म्हणते, "गप्प बसा गं, वाफेवरच्या माणसाशी लग्न केलं की असंच असतं."

सुट्टीवर आले की चीफ पहिल्यांदा घरातले नळ तपासायचे. मुलींना जवळ घ्यायचे, पण नळ तपासून झाल्यावर. त्यांचा एक नियम होता आणि तो इंजिन रूममध्ये पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला शिकवला जातो. व्हॉल्वचं चाक उघडताना पूर्ण उघडायचं आणि मग पाव फेरा मागे घ्यायचं. शेवटाला टेकवून ठेवलेलं चाक तिथेच अडकून बसतं, आणि ऐन वेळी बंद करायला गेलात तर जाम हलत नाही. पाव फेरा मागे असलं की लहान पोरालाही फिरवता येतं. "आणि बंद करताना?" थोरलीनं लहानपणी विचारलं होतं. "बंद करताना पाव फेरा नाही," चीफ म्हणाले होते. "बंद म्हणजे बंद."

घरात या पाव फेऱ्याचा अगदी चोथा झाला होता. मोरीतला नळ, गॅसची टाकी, बागेतला पाइप, सगळीकडे पाव फेरा. मुली भांडायला लागल्या की चीफ वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "पाव फेरा मागे." आईचा आवाज चढला की तिलाही तेच. त्यावर आई म्हणायची, "लग्नाला हो म्हणतानाही यांनी पाव फेरा मागे घेतला होता, म्हणून तर अजून संसार अडकला नाही." थोरलीच्या हातात ती सवय इतकी भिनली की पुढे ती शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला लागली तेव्हा तिला ती कुणी शिकवावी लागली नाही. तिथला बुजुर्ग फिटर तिचा हात बघून म्हणाला होता, "बाई, तुमच्या घरात कुणीतरी जहाजावर आहे."

तर, तो दिवस.

जहाज बंदरात होतं. खालच्या कप्प्यातला एक पंप दुरुस्तीसाठी उघडून ठेवला होता, म्हणून त्याच्याकडे समुद्राचं पाणी नेणारा व्हॉल्व चीफनी स्वतःच्या हातानं बंद केला. त्या दुपारी जहाज बघायला पाहुणे यायचे होते. इंजिनाचे तेव्हाचे अधिकारी म्हणजे हे इस्त्रीसाहेब. माणसाच्या कपड्यांना कधी सुरकुती नाही, बुटाला डाग नाही, आणि इंजिन रूममध्ये उतरायचे ते पांढरे हातमोजे घालून, म्हणून खलाशांनी ठेवलेलं हे नाव. त्यांनी बारा वाजताच सगळ्यांना घालवून दिलं. तेलकट माणसं पाहुण्यांच्या नजरेला पडायला नकोत, असं म्हणाले.

चीफना काय, आयती अर्धी सुट्टी मिळाली. ते घरी आले, जेवले आणि थोरलीच्या दप्तराचा तुटलेला पट्टा शिवायला बसले. जहाजावरचा माणूस बोलवायला आला तेव्हा दाभण त्यांच्या तोंडात होतं. "चीफ, खालचा कप्पा पाण्यानं भरलाय," तो म्हणाला. पट्टा अर्धा शिवलेलाच राहिला. थोरलीनं ते दप्तर पुढे वापरलं नाही आणि टाकूनही दिलं नाही.

माणूस कुणी दगावला नाही, पण तीन यंत्रं निकामी झाली. चौकशी बसली. इस्त्रीसाहेबांनी एका ओळीची साक्ष दिली: व्हॉल्व उघडा सापडला. चीफ म्हणाले, मी बंद केला होता. साहेबाच्या शब्दापुढे तेलकट माणसाचा शब्द कोण धरतो? चीफच्या नोंदपत्रात एक शब्द चढला. निष्काळजी. हातातोंडाशी आलेली बढती गेली आणि दोन वर्षांनी ते होते त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. इस्त्रीसाहेब मात्र चढत गेले.

बढतीचं दुःख थोरलीनं एक वेळ गिळलं असतं. तिला गिळता आला नाही तो पुढचा प्रकार. तो एक शब्द बाबांच्या आत शिरला आणि त्यानं त्यांना आतून खाल्लं. घराबाहेर पडले की कोपऱ्यावरून परत यायचे, कुलूप ओढून बघायचे. सिनेमाच्या मध्यंतरात विचारायचे, "गॅस बंद केला ना मी?" सुरुवातीची काही वर्षं ते ठामपणे म्हणत, मी बंद केला होता. मग म्हणायला लागले, मी बंद केला होता, मला आठवतंय. मग नुसतं, बंद केला असणार. शेवटच्या आजारात दवाखान्याच्या पलंगावर त्यांची बोटं चादरीवर एक चाक फिरवत राहायची आणि ते थोरलीला विचारायचे, "बंद केला होता ना गं मी?"

"हो बाबा. तुम्ही बंद केला होता."

दिवसातून वीस वेळा विचारायचे. वीस वेळा ती हो म्हणायची. एकविसाव्या वेळी विचारलं तेव्हाही तिनं हो म्हटलं, पण ते ऐकायला बाबा नव्हते. सव्वीस वर्षांत ज्याच्या हातून एक नट सैल राहिला नाही, तो माणूस स्वतःच्या हातावर संशय घेऊन गेला. त्या क्षणी थोरलीनं ठरवलं की इस्त्रीसाहेबाला सोडायचं नाही.

तिनं नोंदपत्राची प्रत काढली. मागच्या बाजूला तिला जे बोलायचं होतं ते लिहून काढलं आणि पंपघरात, चार पंपांच्या घरघराटात, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं पाठ केलं. त्यात 'भेकड' हा शब्द तीनदा होता. घरातून निघताना आई तिच्या पदराची पिन लावत म्हणाली, "तोंडाला पाव फेरा, बाई."

"आज नाही," थोरली म्हणाली.

माजी नौसैनिकांच्या संघटनेचं सभागृह भरलं होतं. बहुतेक सगळे इंजिनवाले, म्हणजे निम्मे बहिरे. पहिल्या रांगेत बाबांचा जिवलग मित्र भोंगा बसला होता. यंत्रांनी त्याचे कान खाल्ले होते आणि त्यामुळे तो गुपितंसुद्धा ओरडून सांगायचा. बाबांच्या फोटोकडे बघून तो आईला म्हणाला, "वहिनी, चीफ फोटोत बारीक दिसतो!" आणि पूर्ण सभागृहानं ते ऐकलं.

इस्त्रीसाहेब आले. गुडघे गेलेले, हातात काठी, पण शर्टाच्या बाह्यांवर कडक घडी तीच. बोलायला उभे राहिले आणि थोरलीनं मांडीवरचा कागद उलगडला.

साहेब छान बोलले. चीफ म्हणजे सोन्यासारखा माणूस होता वगैरे. मग आवाज मऊ करून म्हणाले, "चूक कुणाच्या हातून होत नाही? चीफच्या हातूनही एकदा झाली. मी ती कधीच मनात ठेवली नाही."

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनात ठेवली नाही! ती उठणार, तेवढ्यात साहेबांना आपलीच गोष्ट सांगायची हुक्की आली.

"त्या दिवशी पहिला खाली उतरलो तो मी. गुडघाभर पाणी. चाक इतकं घट्ट बसलेलं की हलेना. शेवटी चाकात लोखंडी पाइप घालून मी त्याला अक्षरशः लोंबकळलो, तेव्हा कुठे ते सुटलं. हे बघा." त्यांनी उजवा तळवा वर केला. "कातडं सोलून निघालं होतं. व्रण अजून आहे."

थोरलीनं कागदाची घडी घातली. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिच्या कानात पंप सुरू झाल्यासारखं होत होतं, पण आवाज तिनं इतका शांत काढला की आईनं चमकून वर पाहिलं.

"साहेब, घट्ट म्हणजे? चाक कुठवर उघडलेलं होतं?"

"पूर्ण, मुली. अगदी शेवटाला टेकलेलं."

भोंग्यानं कानामागे हात धरला. "काय म्हणतात साहेब?"

शेजारचा त्याच्या कानात ओरडला, "पूर्ण उघडं होतं म्हणतात! शेवटाला टेकलेलं! पाइप घालून सोडवावं लागलं!"

"शेवटाला?" भोंगा म्हणाला. मग आणखी मोठ्यानं, "टेकवून ठेवलेलं?"

चाळीस म्हातारे खलाशी, चाळीस हात, ज्यांनी पहिल्या दिवसापासून एकही चाक शेवटाला टेकवून सोडलं नव्हतं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. चीफ व्हॉल्व बंद करायला विसरला असता तरी ते चाक पाव फेरा मागे असतं आणि एका हातानं फिरलं असतं. ते चाक इंजिन रूमच्या माणसानं उघडलेलंच नव्हतं. हळूहळू सगळ्या माना साहेबांकडे वळल्या.

"त्या दुपारी पाहुणे आणले होते साहेबांनी!" भोंगा ओरडला. त्याला वाटलं तो कुजबुजतोय. "आम्हाला हाकललं होतं! खाली हातमोजे घालून कोण होतं मग?"

साहेबांचा तळवा अजून वर होता. तो त्यांनी खाली घेतला आणि काय करावं न सुचून खिशात घातला. एक एक करून लोक उठले आणि बाबांच्या फोटोपाशी जाऊन उभे राहिले. साहेबांच्या बाजूला कुणी राहिलं नाही. थोरलीनं हे सगळं डोळे भरून पाहिलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. पाठ केलेल्या भाषणातला एक शब्दही खर्ची पडला नव्हता.

चहा कुणी घेतला, कुणी नाही. साहेबांना मात्र कुणी विचारलाच नाही. थोरली आईचा हात धरून फाटकापाशी आली तेव्हा ते तिथे काठीवर रेलून उभे होते. शर्ट पाठीवर चुरगळला होता.

"मुली, जरा ऐक." त्यांचा आवाज पार बसला होता. "पाहुण्यांना दाखवायला मी चाक फिरवलं होतं. समुद्र इथून आत येतो, असं सांगितलं. पाणी उसळलं तशी त्यांची मुलं हसली. मग ते सगळे वर गेले, आणि मी... मी मागे थांबलो होतो." त्यांची बोटं काठीच्या मुठीवर गोल फिरत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. "मी बंद केला होता. केला असणार. तुला काय वाटतं, बंद केला होता ना गं मी?"

त्या प्रश्नाचं उत्तर थोरलीच्या तोंडात घर करून बसलं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारात, दिवसातून वीस वेळा दिलेलं. ते आपसूक ओठांपर्यंत आलं. आईनं तिचा हात दाबला. पाव फेरा, बाई.

थोरलीनं त्यांच्या फिरणाऱ्या बोटांकडे पाहिलं.

"मला काय माहीत, साहेब?" ती म्हणाली. "मी तिथे नव्हते. आठवून बघा."

ती आईला घेऊन बाहेर पडली आणि मागे वळून तिनं फाटक लावलं. कडी सरकवली, खाली दाबली आणि एकदा ओढून पाहिली. बंद म्हणजे बंद.