एकसष्ट रुमाल

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या ऑनलाइन फॉर्मात किती कॉलेजं भरायची, हे अकोल्यात ज्याला त्याला ठाऊक होतं. ट्यूशनचे सर म्हणायचे, किमान चाळीस. शेजारच्या काकू म्हणायच्या शंभर, कारण त्यांच्या पोराने शंभर भरली होती आणि तो आता पुण्यात आहे. मी वहीत साठ-सत्तर नावं लिहून तयार बसले होते. एकट्या बाबांचा आकडा पाच होता. आणि पंचाईत अशी की फॉर्मला मोबाइल नंबर त्यांचा दिलेला होता.

बाबा लाल गाडीवर कंडक्टर. अकोला-परतवाडा हा त्यांचा कायमचा रूट. लोकांना वाटतं कंडक्टर तिकिटं काढतो. माझ्या बाबांचं निम्मं आयुष्य रुमालांशी लढण्यात गेलं. गाडी स्टँडवर लागते न लागते तोच लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात, मग सावकाश दारातून चढून आपल्या बापाची जागा असल्यासारखे तिथे बसतात. इथपर्यंत बाबांना चालायचं. पण एकटाच माणूस एका सीटवर रुमाल, दुसरीवर टोपी, तिसरीवर पेपर टाकून मग कुठली बरी ते ठरवत बसला, की त्यांचं डोकं फिरायचं. ते सगळा माल गोळा करायचे आणि उंच धरून विचारायचे, "कोनाचा हाय?" धनी पुढे आला की रुमाल परत मिळायचा. टोपी आणि पेपर त्याला उतरताना.

एक माणूस, एक रुमाल. हा कायदा कुठे छापलेला नाही, पण परतवाड्याच्या गाडीत तो सगळ्यांना पाठ होता. आमच्या घरातही होता. लहानपणी मी पंगतीत मैत्रिणीसाठी शेजारचा पाट धरून ठेवला, तर बाबांनी त्यावर एका अनोळखी आजोबांना बसवलं होतं.

आता या माणसाला मी सांगायला गेले की बाबा, साठ कॉलेजं भरते.

"साठ सीटा अडवशील?" बाबा म्हणाले. "एकुनसाठ पोराइनं मंग कुठी जावं?"

मी त्यांना समजावून सांगितलं. नाव भरल्याने जागा अडत नाही. आपण पसंतीने ओळीने नावं द्यायची, कॉम्प्युटर वरून खाली पाहत येतो, आपल्या मार्कांत जे पहिलं बसतं ते एकच देतो, बाकीच्यांना हातसुद्धा लावत नाही.

"रुमाल टाकनाराबी हेच म्हनते," बाबा म्हणाले. "मी एकच घेनार हाव, बाकीचे सोडून देतो."

झालं. पाच म्हणजे पाच. ती पाचही त्यांनीच निवडली. दोन अकोल्यातली, तीन अमरावतीची. निवड कशावरून, तर स्टँडपासून किती दूर आणि शेवटची गाडी कितीला. शिकवतात कसं हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला फक्त कॉम्प्युटर हवं होतं, आणि त्या पाचही ठिकाणी कॉम्प्युटरची यादी आदल्या वर्षी माझ्या मार्कांच्या बरीच वर बंद झाली होती. ते आकडे मी त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "कालची गाडी भरून गेलती म्हनून आज कोनी स्टँडवर येत नाही काय?"

मला राग यायचा आणि रडूही यायचं. कारण पाचांत काही लागलं नाही तर पुढचं ठरलेलं होतं. तेल्हाऱ्याला मावशीकडे राहून बी.एस्सी. तेल्हाऱ्याशी माझं भांडण नाही, मावशी तर फारच जीव लावते. पण नववीत असताना शाळेच्या कॉम्प्युटरवर मी परतवाडा रूटचे सगळे थांबे आणि वेळा घालून एक पान बनवलं होतं. थांब्यावर बोट ठेवलं की गाडीची वेळ दिसायची. बाबांनी ते डेपोतल्या प्रत्येकाला बोलावून बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही करायचंच नव्हतं, आणि हे त्यांच्यामुळेच झालं होतं, हे त्या बाबाला कोण सांगणार.

शेवटी मी आत्याकडे दोन दिवस जाते, फॉर्म तिथेच भरते म्हणून अमरावतीला निघाले. बाबांनी बजावलं, "पाचावर सहावं नको." मी मान हलवली. मान कशीही हलवता येते.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. शाळेतून निवृत्त झालेली, आणि रुमाल टाकण्यात जिचा हात कोणी धरणार नाही अशी. एकदा परतवाड्याचं लग्न आटोपून ती भावाच्याच गाडीने अकोल्याला येत होती. भाऊ कंडक्टर म्हटल्यावर तिने मोकळ्या मनाने एका सीटवर रुमाल, दुसरीवर छत्री आणि तिसरीवर संत्र्यांची पिशवी ठेवली. बाबांनी रुमाल राहू दिला. छत्री आणि संत्री अकोल्यापर्यंत ड्रायव्हरजवळ. दोघं बहीणभाऊ सगळा रस्ता एकमेकांशी बोलले नाहीत. दर वर्षी स्वतः येणारी आत्या त्या वर्षी राखीला आली नाही, राखी पोस्टाने आली. पाकिटात राखीसोबत निळ्या काठाचा एक कोरा रुमाल होता. बाबांनी राखी बांधून घेतली आणि रुमाल कपाटात ठेवून दिला. तो त्यांनी कधी वापरला नाही.

"किती भर म्हनते तुहा बाप?" आत्याने विचारलं.

"पाच."

"त्याले काय समजते. कॉम्प्युटर दमेपर्यंत भर."

तिच्या घराखालीच सायबर कॅफे होतं. तिथे आम्ही सकाळपासून ठाण मांडलं. बाबांची पाच मी त्यांच्याच क्रमाने सगळ्यांत वर टाकली. एवढी लाज मला होती. सहाव्यापासून पुढे माझी वही आणि आत्याची जीभ. पुण्याची नावं आली की ती तोंड वाकडं करायची, म्हणायची तिकडे वरणात साखर घालतात, पोरीची तब्येत बिघडते. एका कॉलेजचा नुसता फोटो पाहून तिने ते खाली ढकललं, कारण फाटकासमोर एकही झाड नव्हतं. नागपूरचं एक तिला आवडलं, का ते तिने सांगितलं नाही. साठ झाली तेव्हा मी थांबले.

"साठ काहून? आहेराले आपन कधी साठ देतो काय?" आत्या म्हणाली. "वर एक ठेव."

म्हणून एकसष्ट.

फॉर्म लॉक करायला ओटीपी लागतो हे मी विसरले नव्हते, फक्त त्याचा विचार करायचं टाळत होते. बटण दाबलं आणि ओटीपी गेला बाबांच्या मोबाइलवर, अंजनगावच्या आसपास कुठेतरी, खच्चून भरलेल्या गाडीत. मी फोन लावला. बाबा ओरडून बोलत होते, कारण गाडीत ते तसेच बोलतात.

"पाच भरले ना?"

"हो, भरले." खोटं नव्हतं. पाच भरलेच होते.

"लिहून घे. चार. मांगं सरका हो भाऊ, जागा हाय मांगं. सात. अवं बाई, लेकराले मांडीवर घ्या. सात झाला ना? शून्य. शून्य..."

इकडे आत्या पदराचा बोळा तोंडात घालूनही फसफसून हसत होती. मी तिला डोळ्यांनी दटावत आकडे दाबत होते. फॉर्म लॉक झाला. त्या रात्री मला आत्याकडचं जेवण गेलं नाही, हे तेवढं खरं.

आठवड्याभराने यादी लागली. बाबांच्या पाचांत मी कुठेच नव्हते. माझ्या एकसष्टांतल्या सत्तेचाळिसाव्या नंबरवर होते. नागपूर, कॉम्प्युटर. आत्याला आवडलेलं तेच.

आनंदाने मी आधी उडी मारली आणि मग खाली बसले. बाबा सकाळच्या ड्यूटीला निघायच्या तयारीत चहा पीत होते.

"बाबा, मला नागपूरचं लागलं."

"हं."

"ते तुमच्या पाचांत नव्हतं."

"मालूम हाय," ते म्हणाले. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यापुढे धरला. ओटीपीच्या मागोमाग आलेला मेसेज होता. आपण एकसष्ट पर्याय निश्चित केले आहेत.

मी गार पडले. म्हटलं, "मग तुम्ही रागावला का नाही?"

"मेसेज तं मांगून आला. मले आधीच समजलं. तुही आत्या हासून राहिलती ना फोनात मांगं." त्यांनी कप खाली ठेवला. "पाचाइत तुले भेटत नाही हे मलेबी दिसत होतं व. पन साठ भर हे माह्या तोंडातून निघेना."

ज्या माणसाला मी फसवलं म्हणून आठ दिवस घास गिळत नव्हते, त्याने सगळं समजून गर्दीत उभं राहून मला एकेक आकडा वाचून दाखवला होता.

"बाकीचे साठ सुटले ना?" त्यांनी विचारलं. "कोनाची सीट अडली नाही?"

मी पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, मग ठीक आहे.

नागपूरला निघायच्या दिवशी बाबांनी रजा घेतली. अकोल्याच्या स्टँडवर मी गादीची वळकटी, बादली आणि दोन बॅगा घेऊन उभी होते, आणि भोवती हीऽ गर्दी. एका शब्दाने त्यांना माझ्यासाठी सीट ठेवून घेता आली असती, सगळे त्यांचेच सोबती. ते कोणाशी बोलले नाहीत. गाडी वळून आत येऊ लागली आणि साध्या शर्टातले बाबा तिच्या बाजूने चक्क धावायला लागले. खिशातून त्यांनी निळ्या काठाचा कोरा रुमाल काढला आणि खिडकीतून फेकला. नेम चुकला. रुमाल खिडकीच्या गजाला लागून त्यांच्याच तोंडावर आला. आयुष्यात कधी टाकलेला नसेल तर असंच होणार. दुसऱ्या वेळी तो आत पडला.

वर चढलेल्या नव्या कंडक्टरने तो उचलला आणि उंच धरला. "कोनाचा हाय?"

"माहा हाय," बाबा खालून म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "पोरीसाठी हाय. एकच हाय."