खडाखडी न झालेली कुट्टी

आमच्या घरात मारणं हे बोलण्याइतकंच साधं होतं. तात्या, म्हणजे माझे वडील, तरुणपणी कुस्त्या करायचे आणि पुढे गावच्या तालमीत वस्ताद झाले. डाव चुकला की कानाखाली, दूध सांडलं की कानाखाली आणि परीक्षेत पहिला आलो तरी पाठीत असा धपाटा, की श्वास अडकायचा. धाकट्या भावानं ते सगळं अंगावर घेतलं आणि तो पैलवान झाला. मी चौदाव्या वर्षी तालीम सोडली, पण तात्यांचा हात माझ्यात राहिलाच. कॉलेजात एकाचा दात पाडला. पुण्यातल्या पहिल्याच नोकरीत साहेबाच्या टेबलाची काच फोडली आणि बॅग उचलून गावी आलो. ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण लपवून तरी काय करू?

मग मिरजगावच्या रस्त्याला कडबाकुट्टीची यंत्रं बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम धरलं. चारा घातला की दोन रूळ तो आत ओढतात आणि पुढे मोठ्या चाकावरची पाती त्याचे तुकडे करतात. रुळांना कडबा आणि हात यातला फरक कळत नाही. आमच्या वाडीत कुट्टीत हात गेलेली दोन माणसं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. म्हणून मी एक युक्ती काढली. चारा घालणाऱ्यानं मनगटात एक पट्टा बांधायचा, त्यात लोहचुंबक. पट्टा रुळांच्या वीतभर जवळ आला, की यंत्रातला छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड चाकाला ब्रेक लावणार. पहिलं यंत्र मी घरच्यांसमोर चालवून दाखवलं, तेव्हा भाऊ हसून म्हणाला, “मंग आता डोळं झाकून घालायचं.”

कटकट बोर्डांची होती. बाजारात कधी एका जातीचा बोर्ड मिळायचा, कधी दुसऱ्या. प्रत्येकाची लायब्ररी, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या तयार कामांचा संच, निराळी. आपण लिहिलेलं यंत्राला समजेल असं करून देणारा कंपायलरही निराळा. एका लायब्ररीत चाक झटक्यात थांबवणारा ब्रेक असायचा, दुसरीत नसायचा. नसेल तिथे मी स्वतः लिहिलेली वाट वापरायची; ती जरा लांबची होती, पण हात वाचण्याइतकी चपळ होती. प्रोग्राम मात्र मला सगळ्यांसाठी एकच ठेवायचा होता. म्हणून त्याच्या आधी चालणारी एक चौकशीची फाईल लिहिली. ती बोर्डाला एकेक गोष्ट विचारत जायची आणि पडद्यावर ओळी उमटायच्या. हे आहे का? आहे. ते आहे का? नाही. उत्तरं येतील तसा प्रोग्राम त्या बोर्डापुरता जुळवला जायचा.

तात्या एकदा कारखान्यात आले आणि बराच वेळ त्या ओळी बघत माझ्यामागे उभे राहिले.

“आन त्यो खोटं बोलला तर?”

“नुसतं इचारत न्हाई, तात्या. इवलासा प्रोग्राम बनवून त्याच्यावर घालतो. खरं चाक फिरवतो, ब्रेक लावायला लावतो. चाक थांबलं तरच ‘आहे’ म्हणतो.”

“म्हंजी खडाखडी,” ते म्हणाले.

कुस्ती लागली की शहाणा पैलवान लगेच डाव टाकत नाही. आधी मानेवर हात टाकतो, मनगटाला झटका देतो, खांद्याला रेटा देतो आणि समोरच्याच्या अंगात खरंच किती पाणी आहे ते अजमावतो. ती खडाखडी. समोरच्याचं नाव किती मोठं आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. माझ्या कामातलं काही तात्यांना कळलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. मला फार बरं वाटलं.

आमच्या घरच्या कुट्टीचा बोर्ड तयार करत होतो, तो दिवस हगाम्याचा होता. आमच्याकडे यात्रेतल्या कुस्त्यांना हगामा म्हणतात. कर्जतजवळच्या एका गावात भावाची मोठी कुस्ती ठरली होती आणि दुपार टळायच्या आत मला तिथे पोचायचं होतं. बोर्ड नव्या जातीचा, पहिल्यांदाच आलेला. चाचणीच्या चाकाला जोडायची केबल मालकानं सकाळी कुणाला तरी देऊन टाकली होती. “उद्या कर की,” तो म्हणाला. मी त्याची कॉलर धरली. त्यानं मला ढकललं. हातातला पाना मी असा भिरकावला, की भिंतीच्या पत्र्याला खड्डा पडला.

आणि त्याच रागात खुर्चीवर बसून मी ती करून बघायची चाचणी बंद केली. तिच्या जागी एवढंच ठेवलं, की लायब्ररीत ब्रेकचं नाव सापडलं की ‘आहे’ लिहायचं. नाव सापडलं. पडद्यावर ‘आहे’ उमटलं. बोर्ड बसवला, कुट्टी टेम्पोत चढवून घरी धाडली आणि गाडीला किक मारून मी आखाडा गाठला.

समोरचा पैलवान भावापेक्षा वजनानं जास्त आणि नावानं त्याहून जास्त. भावानं खडाखडी इतकी लांबवली, की लोक शिट्ट्या मारायला लागले. एकदा कपाळ आपटलं आणि त्याची भुवई फाटली. रक्त डोळ्यात उतरत असताना तो समोरच्याला चाचपतच राहिला. डावा गुडघा कच्चा आहे हे कळल्याबरोबर तो खाली घुसला, पाय ओढून पट काढला आणि त्याला उचलून मातीत आदळलं. खांदा निखळल्याचा आवाज मला कडेला ऐकू आला. मी आनंदानं किंचाळलो. त्या माणसाचा हात लोंबत होता आणि मी नाचत होतो.

चार दिवसांनी, सकाळी, भाऊ कुट्टीवर होता आणि मी अंगणात दुधाचे कॅन धूत होतो. ओली मका रुळात अडकली असावी. पाती ओल्या चाऱ्यातून जातात तेव्हा दबका आवाज येतो. मधेच कडक काहीतरी कापल्याचा आवाज आला, पाठोपाठ तीनदा, आणि यंत्र तसंच चालत राहिलं. मी धावत जाऊन मेन स्विच ओढला. भाऊ ओरडला नव्हता. उजवा हात छातीशी धरून तो उभा होता, रक्त कोपरावरून पायावर गळत होतं आणि त्याच्या मनगटात माझा पट्टा होता.

“दादा, थांबलं न्हाई,” तो म्हणाला.

चारही बोटं गेली होती, अंगठा तेवढा राहिला होता. तात्या गुडघ्यावर बसून चाऱ्याच्या ढिगात दोन्ही हातांनी बोटं शोधू लागले. शेजारी गाय दाव्याला हिसके देत होती. तिची वैरणीची वेळ झाली होती. तीन बोटं सापडली. ती फडक्यात गुंडाळून आम्ही नगरला नेली. डॉक्टरांनी फडकं उघडलं, पाहिलं आणि पुन्हा झाकून ठेवलं.

तात्यांनी मला दवाखान्याच्या व्हरांड्यात गाठलं.

“खडाखडी केली हुती का?”

“न्हाई.”

“का?”

“कुस्ती बघायला यायचं हुतं.”

त्यांनी मला मारलं. लोक बघत होते, नर्स ओरडत होती. तोंडावर, मानेवर, मी खाली बसल्यावर पाठीत. वॉचमननं ओढून बाजूला करेपर्यंत ते मारत राहिले. लहानपणी मी तोंड झाकून घ्यायचो. त्या दिवशी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन मी ती लायब्ररी उघडून पाहिली. ब्रेकचं नाव होतं आणि नावाखाली एकच ओळ होती. काम झालं, असं कळवणारी. काम मात्र कुठेच नव्हतं. बनवणाऱ्यानं जागा धरून ठेवण्यासाठी पोकळ खोकं ठेवलं होतं आणि माझ्या प्रोग्रामला प्रत्येक वेळी ‘चाक थांबलं’ असा निरोप मिळत होता. त्या जातीचे शिल्लक सगळे बोर्ड मी ऐरणीवर मांडले आणि घणानं चेचले. काचेसारखे तुकडे तोंडावर उडत होते. मालक दारात उभा होता. त्यानं मला अडवलं नाही. मी लायब्ररीवाल्याला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. पण चाचणी चालू ठेवली असती, तर चाक फिरतच राहिलं असतं आणि पडद्यावर ‘नाही’ आलं असतं, हे मला घण उचलतानाही कळत होतं. म्हणूनच मी अजून जोरात मारत होतो.

घरची कुट्टी दोन महिने पोत्याखाली झाकून होती. आई विळ्यानं चारा तोडायची. भाऊ दिवसभर ओट्यावर बसायचा. मी दुसरा बोर्ड आणला, पूर्ण चाचणी घरीच, त्याच चाकावर घेतली आणि ब्रेकसाठी माझीच लांबची वाट घातली. काठीला पट्टा बांधून ती रुळाकडे नेली. थांबलं. दिवसभर तेच करत राहिलो आणि प्रत्येक वेळी चाक थांबलं. संध्याकाळी भावाला जाऊन सांगितलं, की आता पक्कं आहे.

तो उठून आला. काठीचा पट्टा त्यानं डाव्या हातानं आणि दातांनी सोडवला आणि माझ्या मनगटात बांधला.

“चालू कर.”

मी चालू केलं.

“घाल हात.”

“काठीनं बघितलंय मी, शंभरदा.”

“काठीला बोटं न्हाईत,” तो म्हणाला.

त्यानं उजव्या हातानं माझं मनगट धरलं आणि रुळांकडे रेटलं. पात्यांचा वारा बोटांना लागत होता. तात्या ओट्यावरून बघत होते, जागचे हलले नाहीत. वीतभर अंतरावर चाक करकरून थांबलं.

“परत,” भाऊ म्हणाला.

पुन्हा चालू केलं, त्यानं पुन्हा रेटलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा तो रडत होता. अंगठा आणि तळव्याच्या मधे त्यानं माझं मनगट दाबून धरलं होतं. त्या हातात पकड अशी उरलीच नव्हती. मला हात केव्हाही काढून घेता आला असता. मी काढला नाही.