तहात दिलेली मुलगी

भाऊबीजेला आम्ही इथंच आयर्लंडमध्ये, ओंगारहून टॅलाला बहिणीकडे गेलो, तेव्हा भाची शाळेचा प्रोजेक्ट पसरून बसली होती. व्हायकिंगांच्या काळातली एक राजकन्या. उत्तरेकडच्या राजाची मुलगी, तह टिकावा म्हणून जहाजात बसवून आयर्लंडच्या राजाला दिलेली. पुठ्ठ्याच्या जहाजाला शीड चिकटवत भाचीनं विचारलं, "मामा, डिड नोबडी आस्क हर?"

"त्या काळी कोण विचारायचं गं?"

"हो ना, त्या काळी!" ओट्यापाशी ताट तयार करणारी बहीण हसली.

ते हसणं मला लागलं. आमच्याकडे साटंलोटं झालं होतं. मला जी मुलगी हवी होती, तिच्या घरच्यांची अट होती की तुमची मुलगी आमच्या मुलाला द्या. त्यामुळे माझी बायको भाचीची मामीही आहे आणि आत्याही. ही गंमत मी चारचौघांत सांगतो. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

बहिणीला शिकायचं होतं. गच्चीवर दोरीवरचे वाळलेले कपडे काढताना तिनं विचारलं, "दादा, मी नाही म्हटलं तर?"

"मग माझंही मोडेल," मी म्हणालो. तिनं दोरीवरचे उरलेले कपडे गोळा केले आणि खाली जाऊन हो म्हणाली. मी जबरदस्ती थोडीच केली, असं स्वतःला समजावत आलो.

मेहुणे वाईट नाहीत. त्यांच्याच मागोमाग आम्हीही इथं आलो. ते दोघं भांडत नाहीत, आणि बोलतही नाहीत. कशी आहेस विचारलं की ती इथल्या लोकांसारखं म्हणते, "ग्रँड." म्हणजे मजेत.

भाची जहाज दाखवायला बाहेर पळाली. बहिणीनं मला स्वयंपाकघरातच पाटावर बसवलं, ओवाळलं. मी पाकीट पुढं केलं.

"ते राहू दे, दादा. यंदा मागेन ते देशील? तेव्हा जे विचारलं नाहीस, ते आता विचार."

निरांजन आमच्यामध्ये तसंच होतं. मी पाकीट पाटाशेजारी ठेवलं.

"तुला... हे लग्न करायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळेही भरले नाहीत. तिनं ताट खाली ठेवलं आणि माझ्या कपाळावरचा सांडलेला कुंकवाचा कण पदरानं पुसला.

बाहेरच्या खोलीत माझी बायको तिच्या भावाला ओवाळत होती. त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं.