बायोचे वाफे आणि माती मॅडम

माती मॅडम दारात आलेल्या माणसाचा चेहरा नंतर बघत, आधी त्याच्या चपलांचे तळ. चप्पल उचलून उलटी करायची, नखाने माती खरवडायची, बोटांत चुरायची आणि मग म्हणायचं, "या, बसा." करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्याच राहत. सगळी नोकरी मातीच्या प्रयोगशाळेत झालेली. मूळच्या सांगलीकडच्या, त्यामुळे बोलण्यात ठसका.

"चांगली माती" असं कोणी म्हटलेलं त्यांना चालत नसे. "माती काय धरून ठेवते आणि काय सोडते, एवढंच विचारावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी आकड्यांचा माणूस. मला ते मोघम वाटे.

तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि सालींचं आंबवलेलं पाणी हा माझा अभिमान होता. एपीएमसीच्या फळबाजारातून लिंबू-मोसंबीच्या साली आणायच्या. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, पिंपात तीन महिने. बागेला घालून उरलेलं मी शेजारच्या गावठाणातल्या बायोला देई. बायो सत्तरीची आगरी बाई. शेतजमीन संपादनात गेली. उरले ते घरामागचे दोन गुंठे. त्यात ती माठ-पालक लावे, घरी खाई आणि आम्हाला विके. माझं पाणी ती वाफ्यांना नेमाने घाले.

एकदा तिच्याकडून थेट मॅडमकडे गेलो. चप्पल उलटी करून त्या थांबल्या. काळसर मातीत लाकडाचे बारीक ढलपे होते.

"हा भराव कुठला?"

रस्ता उंच झाल्यावर बायोच्या आवारात पाणी तुंबू लागलं, म्हणून तिच्या मुलाने पाडलेल्या एका शेडची माती आणून टाकली होती. त्या शेडमध्ये वाळवी लागू नये म्हणून लाकूड औषधात बुडवत. मी हे सांगताच मॅडम उठून हात धुऊन आल्या. माती हाताळल्यावर लगेच हात धुताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बायोच्या वाफ्यातली माती आणायला लावली आणि ती दोन बरण्यांत घातली. एकीत नळाचं पाणी, दुसरीत माझं सालींचं. दिवसभर ठेवून गाळलं आणि चाचणीच्या संचातल्या कागदी पट्ट्या लावल्या. पहिली जेमतेम पिवळसर झाली. दुसरी तपकिरी.

"आर्सेनिक," मॅडम म्हणाल्या. "लाकडाच्या त्या औषधातलं विष. मातीतल्या लोखंडाच्या गंजाला चिकटून बसलं होतं. सालींतल्या आम्लाने गंज थोडा विरघळवला, उरलेल्यावर स्वतः जागा अडवली. हे बाहेर पडलं."

"पण एकूण आकडा तेवढाच ना? आपण काही घातलं नाही."

"घातलं नाही. सोडवलं. आता ते पानांत चढेल, विहिरीत उतरेल."

मी म्हणालो, पाणी देणं बंद करतो. बायोला कशाला सांगायचं, उगाच घाबरेल. मॅडमनी पायात चपला सरकवल्या.

"ती ते खाते, सेक्रेटरी. चला. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते."

मी सांगितलं. बायो खुरपं हातात धरून ऐकत होती.

"माजी भाजी इखारी? पानी तूच दिलास ना?"

"हो."

"दोन गुंठं राह्यलीत माजी. ती पन घे!"

मॅडमनी तिची समजूत घातली नाही. साडी मळेल याची पर्वा न करता त्या बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "बायो, विहिरीचं बादलीभर पाणी दे." पट्टी पांढरीच राहिली; विष अजून विहिरीत उतरलं नव्हतं. पुढे मी प्रयोगशाळेतून आकडेही मागवले. पट्टी खरी ठरली.

मग पालेभाजी बंद झाली. आंबट पाणी बंद, वाफ्यात पाणी तुंबू देणं बंद. खायच्या पिकाऐवजी झेंडू लागला. मॅडमनी रबाळ्याच्या एका वर्कशॉपमधून लोखंडाचा कीस आणवून मातीत मिसळला. "गंजू दे. नवा गंज पुन्हा धरेल त्याला."

"बाय, लोका गंज घालवतान, तू आनून टाकतस!" बायो म्हणाली. त्या दिवशी ती पहिल्यांदा हसली.

दर महिन्याला मॅडम विहिरीचं पाणी तपासायला जात. बायो त्यांना सुकट बांधून देई. मॅडम शाकाहारी, पण "नको" म्हणणं त्यांना कधी जमलं नाही. पुडी माझ्या घरी येई, आणि पुढच्या महिन्यात त्या बायोला सांगत, "छान होती हो."

गेल्या वर्षी मॅडमचं हृदय थकलं. बहीण त्यांना सांगलीला घेऊन गेली. तिथेच त्या गेल्या.

बायोला सांगायला मी गेलो, तेव्हा ती झेंडू खुडत होती. ऐकून बांधावर टेकली. मग विचारलं, "पट्टी आता कोन बगनार?"

"मी."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं.

"रंग आयला तर सांगशील?"

"सांगेन."

"मंग उबा कशाला? बादली सोड."