गोवऱ्यांचा सौदा

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, माझ्या हातची वांग्याची भाजी भर पंगतीतून उचलून बैलांपुढे ओतली, तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पुढे मी यवतमाळजवळ लोहाऱ्याला घर बांधलं, गोदाम बांधलं, मोठमोठ्या व्यापाऱ्यांशी भांडून भाव ठरवले. पण ती ओतलेली भाजी काही माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

आमच्या सासरी चंपाषष्ठी झाली की शेतात रोडगे होतात. जाडसर दळलेल्या कणकेच्या पाऱ्या तेल लावून एकात एक घालायच्या, वरून गोळा बंद करायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात, राखेखाली भाजायचा. हे काम पुरुषांचं. ते धोतर खोचून जाळाभोवती बसतात आणि जणू लोखंड वितळवत असल्यासारखा चेहरा करतात. बायकांनी कणीक तिंबायची, वरण शिजवायचं आणि वांग्याची भाजी करायची. रोडगा कच्चा राहिला तर हवेचा दोष, भाजी बिघडली तर बाईचा.

त्या वर्षी नवी सून म्हणून भाजी माझ्याकडे आली. माझं माहेर केळापूरकडचं. माझी आई वाटणात भाजलेलं जवस घालायची, तसं मीही घातलं. भासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि तो सगळ्यांसमोर थुंकला.

"हे भाजी हाय का ढेप?"

ढेप म्हणजे सरकीची पेंड, जनावरांचं खाणं. पंगत हसली. त्यांनी भाजीचा गंज, म्हणजे अख्खं पातेलंच उचललं आणि बैलांपुढे रिकामं केलं. भाजी तिखट होती. बैलांनी एकदा नाक लावलं आणि तोंड फिरवलं. त्यावर पंगत आणखी हसली.

आमच्यात भासऱ्यांशी थेट बोलायची पद्धत नव्हती. डोक्यावर पदर, खाली मान, आणि काही सांगायचंच असलं तर नवऱ्याकडून. माझा नवरा त्या दिवशी बैलांकडे पाहत बसला. तेव्हापासून भाजी जाऊबाईंकडे गेली आणि माझ्याकडे कणीक आणि खरकटे गंज.

मी ठरवलं की या माणसाला माझी भाजी खायला लावायची. तीच, जवसाची. त्याच पंगतीत, त्याच लोकांसमोर. आणि चांगली झाली असं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

पुढे आम्ही दोघं यवतमाळला राहायला आल्यावर मी फाटका बारदाना विकत घ्यायला लागले. पोती आणायची, दाभणाने शिवायची, झाडून, उन्हं देऊन पुन्हा विकायची. सुरुवातीला मी आणि माझी सुई, मग शेजारच्या बायका, मग टेम्पो. सौदा कसा करायचा हे मला कोणी शिकवलं नाही. एवढंच कळत गेलं, की समोरच्याला काय हवंय ते आधी कळलं पाहिजे आणि आपल्याला काय हवंय ते त्याला शेवटपर्यंत कळू नये.

लोहाऱ्याच्या घरात गॅस होता, तरी मी मागच्या अंगणात चूल घातली. ती भाजी मला चुलीवरच बसवायची होती. दर रविवारी करायची. जवस जास्त भाजलं की कडू होतं आणि कमी भाजलं की चिकट. ते मंद तव्यावर तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं आणि गार झाल्यावरच कुटायचं. कांदा आणि सुकं खोबरं मात्र निखाऱ्यावर काळं पडेपर्यंत भाजायचं. मोठी जांभळी वांगी दिसायला देखणी, पण रश्श्यात विरघळतात. लहान, हिरवी, देठाला काटे असलेली घ्यावीत. मंडईतली भाजीवाली मला पाहिलं की टोपली झाकायची.

"आली वो, एकेक वांगं बोलतं करणारी!"

"तुह्या वांग्याइले बोलता येत असतं त त्याइनंच सांगतलं असतं, कालचे हाओत म्हणून," मी म्हणायची, आणि ताजी निवडून घ्यायची.

नवरा चव घ्यायला बसायचा. "बरी झाली," म्हणायचा.

"बरी म्हंजे काय?"

"म्हंजे... बरी."

त्याच्या त्या "बरी"वर मी पुन्हा मसाला बदलायची. होता होता असा एक रविवार आला, की तो काही बोललाच नाही. गंज वाकडा करून रस्सा ओतून घेतला आणि भाकरीने ताटली पुसली. त्या दिवशी माझी भाजी जमली.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. भाव मिळेना म्हणून कापूस घराघरात भरलेला. भासऱ्यांच्या घरी तर बैठकीच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीत. बैलांना चारा घालणं परवडत नाही म्हणून त्यांनी बैलजोडी विकली. गावात मात्र सांगितलं, "आता बैलं कोन पाळते? ट्रॅक्टर सांगतला की झालं." आणि कोणी हात आखडला म्हणू नये म्हणून जाहीर केलं, की यंदा रोडगे नेहमीपेक्षा मोठे होतील. साऱ्या भाऊबंदांना, व्याह्यांना, जावयांना निरोप गेले.

नवऱ्याने मला हे जेवताना सांगितलं. मी भाकर थापत होते. हात तसाच थांबला.

बैल नाहीत म्हणजे शेण नाही. शेण नाही म्हणजे गोवऱ्या नाहीत. आणि रोडगे तर गोवऱ्यांवरच होतात.

पावसाळ्यात गोवऱ्या वाळत नाहीत. त्यामुळे रोडग्यांच्या दिवसांत गावात ज्याच्याकडे असतात त्या जुन्याच, मोजक्या असतात. जनावरं तर सगळ्यांचीच कमी झालेली. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो काढला. बारदाना घ्यायला मी त्या भागात नेहमीच फिरायचे, त्यामुळे कोणाला वेगळं वाटलं नाही. भासऱ्यांच्या गावातून, शेजारच्या गावांतून, घरोघरच्या परसातून मी गोवऱ्या उचलल्या. माझ्याच पोत्यांत भरून.

सगळ्यात मोठी रास तांड्यावर होती, एका म्हाताऱ्या बंजारा बाईची. तिला मी याडी म्हणायचे, म्हणजे आई. ती माझ्याइतकीच घट्ट. आधी गोवऱ्या विकायच्या नाहीत म्हणाली, मग पावसात भिजल्यात म्हणाली. मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"एवढ्या गोवऱ्या कायले वो? होळी करून राह्यली का?"

"करून राह्यली."

"कोनाची?"

"एका मानसाची."

म्हातारी हसली ती खोकला लागेपर्यंत. मग म्हणाली, "मंग घेऊन जाय. असल्या कामाले मी अडवत नाई." भाव मात्र तिने एका पैशानं कमी केला नाही. मला तिचा राग आला आणि मानही वाटला.

रोडग्यांच्या दोन दिवस आधी भासरे लोहाऱ्याला आले. त्यांनी पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांवर, चार रोडगे भाजून पाहिले होते, हे जाऊबाईंकडून आधीच कळलं होतं. पऱ्हाटी भडकते आणि विझते. रोडगे बाहेरून कोळसा आणि आतून पीठ झाले होते. गावभर फिरून गोवऱ्या मिळेनात, तेव्हा कोणीतरी माझं नाव सांगितलं.

ते गोदामापाशी उभे राहिले. भिंतीला लागून गोवऱ्यांची पोती छातीइतकी रचलेली होती. मी आत पोती मोजायचं नाटक करत राहिले. ते नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोले म्हन, गोवऱ्या पायजेत. जे काय असन ते घे म्हना."

मीही नवऱ्यालाच म्हणाले, "सांगा तुमच्या दादाले, इकाच्या नाहीत."

"मंग ठेवल्या कायले?"

"देनार हाओ. फुकट. पन यंदाची भाजी मी करीन. जवस घालून. आन पंगतीत वाढीनबी मीच, पह्यली वाढ त्याइच्या पानावर."

नवरा दोघांच्या मधे उभा, मान इकडे तिकडे. भासऱ्यांचा चेहरा लाल झाला.

"भाजी थोरली सून करते. ते रीत हाय."

"त रोडगेबी रीतीनंच भाजा. पऱ्हाटीवर."

ते गाडीपर्यंत गेले, परत आले. अर्धी भाजी जाऊबाईंची, अर्धी माझी, असा प्रस्ताव आला. मी नाही म्हटलं. भाजी माझी पण वाढेल थोरली, असं म्हणाले. मी पोत्याचं तोंड बांधायला घेतलं. शेवटी ते रीत विसरून थेट माझ्याशी बोलले.

"आन नाई जमली त?"

"त बैलाइपुढं टाका," मीही थेट म्हणाले.

"दादा," माझा भोळा नवरा म्हणाला, "बैलं त इकले ना आपन."

संध्याकाळी भासऱ्यांनी गोवऱ्या न्यायला बैलगाडी पाठवली, तीही दुसऱ्याची.

रोडग्यांच्या दिवशी मी उजाडता उजाडता शेतात पोचले. तिकडे पुरुषांनी माझ्या गोवऱ्या रचून पेटवल्या, इकडे मी तीन दगडांवर सर्वांत मोठा गंज चढवला. तेल तापलं, लसूण लालसर झाला, वाटण पडलं आणि असा वास सुटला की जाळापाशी बसलेल्या जावयांपैकी एक उठून आला आणि "पानी पायजे होतं" म्हणत गंजात डोकावून गेला. वांगी देठासकट, चार चिरा देऊन टाकली. शेवटी जवसाचा कूट, वरून मूठ-मूठ सांबार, म्हणजे कोथिंबीर. तेल वर तरंगेपर्यंत मी कोणाला झाकण काढू दिलं नाही.

रोडगे छान भाजले होते, हे मी मान्य करते. राख झटकून, फडक्याने पुसून फोडले तेव्हा आतून पदर सुटत होते आणि तूप टाकलं की आत झिरपत होतं. भासऱ्यांचा हात त्यात चांगलाच आहे.

पंगत बसली. ठरल्याप्रमाणे मी पहिली वाढ भासऱ्यांच्या द्रोणात घातली आणि भाजीची डाव हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आजूबाजूला जेवण सुरू झालं. चुलत सासऱ्यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला आणि म्हणाले, "कोन केली हे? रस्सा आन इकडं."

"वैनी, मलेबी!"

"अबे, वांगे नाई राह्यले त रस्साच वाढा!"

भासऱ्यांनी रोडगा कुस्करला, त्यावर वरण घेतलं, तूप घेतलं आणि जेवायला लागले. द्रोणाला हात नाही. अर्धा रोडगा झाला, हात नाही. दुसरा रोडगा घेतला, पुन्हा वरण.

मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा घाबरत म्हणाला, "दादा, भाजी..."

भासऱ्यांनी बोटं चाटली आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "वाढाचं ठरलं होतं. खाचं कोन कवा ठरवलं?"

सौदा मी ठरवला होता, शब्द माझे होते, आणि तरी त्या माणसाने त्यात पळवाट शोधली होती. कोण्या व्यापाऱ्याने मला असं कधी हरवलं नव्हतं. हातातली डाव त्यांच्या डोक्यात घालावी असं वाटलं, आणि मी ती घातली नाही याचं कारण एवढंच, की त्यातला रस्सा वाया गेला असता.

पुरुष उठले. मग बायकांची पंगत. आमच्याकडे बायको नवऱ्याच्या उष्ट्या पानावर बसते. जाऊबाई भासऱ्यांच्या पानावर बसल्या. समोर तोच भरलेला द्रोण. भासरे जवळच बाजेवर सुपारी कातरत होते. जाऊबाईंनी द्रोण उचलला, वास घेतला आणि रोडग्याचा तुकडा बुडवून खाल्ला. मग दुसरा. मग सगळा द्रोण पुसून माझ्यापुढे धरला.

"वाढ वो बाई. इतके वर्सं माह्याच हातची खाऊन राह्यली मी. कटाळा आला."

बायका हसल्या. सुपारीचा आवाज थांबला. मी जाऊबाईंना काठोकाठ वाढलं. त्या बाईने नवऱ्यासमोर तीनदा भाजी मागितली, आणि दर वेळी जरा मोठ्याने.

ऊन उतरलं तशी माणसं पांगली. जो तो जाताना भाजीचं बोलत होता. एक व्याही तर भासऱ्यांच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "रोडगे दरवर्षीचेच, पन भाजी यंदा भलकशी चांगली झाली बा तुमच्याकडं." भासरे "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मी चुलीपाशी भांडी आवरत होते. ते आले, थोडे लांब उभे राहिले, इकडे तिकडे पाहिलं. जवळपास कोणी नव्हतं.

"भाजी हाय का थोडी?"

गंजाच्या तळाशी दोघांना पुरेल एवढी भाजी होती. ती मी घरी न्यायला ठेवली होती. हेच तर मला हवं होतं: या माणसाने माझी भाजी खावी. तो स्वतः मागत होता. पण मागत होता तो असा, पंगत उठल्यावर, आडोशाला, कोणी पाहायला नसताना. या भावात माझा माल नव्हता.

मी झाकण सरकवून गंजावर नीट बसवलं.

"संपली," मी म्हणाले.

त्यांनी झाकणाकडे पाहिलं. वास येतच होता. त्यांना कळलं आणि मला कळलं की त्यांना कळलं. मग ते वळले आणि विझलेल्या गोवऱ्यांच्या राखेत काठी खुपसत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोहाऱ्याला मी ती भाजी गरम केली. रात्रभरात रस्सा दाटला होता, जवस मुरलं होतं, वांगी मऊ पडली होती. सोबत उरलेला रोडगा तव्यावर तुपात परतला. नवरा दोन घास खाऊन थांबला.

"दादाले काल थोडी देल्ली असती त..."

मी त्याच्या ताटलीत आणखी एक वांगं वाढलं.

"मुकाट्यानं खा," म्हटलं, आणि स्वतःलाही वाढून घेतलं.