नदीकाठी राहिलेली वैदूबाई

नव्या पुठ्ठ्याला एक कोरा, किंचित आंबूस वास असतो. त्या रविवारी दुपारी चेन्नईतल्या वेस्ट मांबलममधल्या आमच्या घरात तो कॉफीच्या डिकाशनच्या वासात मिसळला होता, आणि खिडकीतून येणारं चिकट, पांढरं ऊन टेबलावर पसरलेल्या अरण्याच्या पटावर अस्वस्थपणे सरकत होतं. माझ्या नवऱ्यानं, निखिलनं, आमच्या आवडत्या खेळाची विस्तार-पेटी आणली होती: नवी बेटं, नवे राक्षस, नवे शाप.

मूळ खेळ साधा होता. तिघा वाटसरूंनी अंधारलेल्या अरण्यातून नदीच्या उगमापर्यंत पोचायचं. जिंकले तर तिघं, हरले तरी तिघं. आमच्यातल्या तिसऱ्या म्हणजे वरच्या मजल्यावरच्या रुक्मिणीअक्का, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे वैदूबाईची सोंगटी असे, आणि ती कडू पाला का चघळते, तिला झोप का लागत नाही, हे अक्का प्रत्येक चालीला तमिळ हेलाच्या मराठीत रचून सांगत. आम्ही बहुधा हरत असू, पण हरण्यालाही एक गोष्ट असे.

नव्या पेटीनं खेळ अवघड केला आणि आम्हाला मुकं. शापांच्या चकत्या मोजता मोजता संध्याकाळ होई. अक्कांची पाळी आली की निखिल भराभर पर्याय सुचवी आणि त्या नुसती मान हलवत. मग एका रविवारी त्या आल्याच नाहीत.

मी वर गेले. त्या गच्चीत वाळत घातलेले वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, उलटत होत्या.

"बरं नाही का, अक्का?"

"बरी आहें की. पण पूर्वी मी मरत असें, तेव्हां कोणी मारलं तें ठाऊक असायचं. आतां मरतें, आणि कोणी मारलं तेंच कळत नाही गं."

त्या वाक्यानं मला ऑफिसातही स्वस्थ बसू दिलं नाही. अखेर मी नव्या पेटीतलं जवळजवळ सगळं बाजूला काढलं. ठेवलं एकच पान, नावाड्याचं. तो पैलतीरी नेतो, पण एकाला मागे राहावं लागतं.

"मग फारच सोपं होईल," निखिल कुरकुरला.

"होऊ दे."

पुढच्या रविवारी अक्का आल्या, आणि उन्हं उतरताना आम्ही नदीपाशी पोचलो. कुणी राहायचं? हिशेब स्पष्ट होता: वैदूबाई जखमी होती, तिची चाल संथ होती. निखिलच्या ओठांवर ते आलं आणि तिथंच अडलं. इतक्या शापांतून गेलो होतो, पण असा घोर कधी लागला नव्हता.

अक्कांनीच सोंगटी काठावर ठेवली. "मी राहतें. इथं पाला पुष्कळ आहे, माझं भागेल. पोंगो, जा, तुम्ही निघा."

त्या दिवशी आम्ही जिंकलो. टाळी कुणीच वाजवली नाही. निखिल उगमावरच्या दोन सोंगट्यांकडे बघत राहिला, मग हलकेच म्हणाला, "परत जाऊन त्यांना आणता येतं का गं?"

मी पुस्तिका चाळली. तसा नियम कुठंच नव्हता. अक्का मात्र खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या, "विचारतोस काय? ये की. मी अजून मेलें कुठें?"