अकरावा गडी

क्रिकेटची शेवटची मॅचही हरलो. नेहमीसारखी मी आणि कॅप्टननं खिळे उपटून पिचवरची मॅट गुंडाळली. शेजारी येमेनात लढाई पेटल्यापासून ओमानच्या सलालाह बंदरातलं आमचं काम आटलं, निम्मी टीम गावी गेली. सीझनभर एकही मॅच जिंकलो नाही. तरी आमचा कॅप्टन आधी जिंकणाऱ्यांशी हात मिळवायचा. बायको गेल्यावर मी म्हातारा खोलीत पडून असायचो. त्यानंच मला दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, अकरावा गडी म्हणून ओढत नेलं.

"तुझी टीम रडकी आहे," मी म्हणायचो.

"म्हणून तर तुम्ही चालता, काका. पळू नका, बॉल आला की नुसता पाय आडवा घाला."

दुसऱ्या दिवशी तोही कायमचा गावी निघाला. सकाळी टॅक्सीत सामान टाकून त्यानं आधी मला उठवलं, काल आम्हाला हरवणाऱ्या कॅप्टनच्या दारात उभं केलं.

"हे आमचे काका. पळत नाहीत, पण शुक्रवार चुकवत नाहीत."